टॅप केलं की सोडायचं

घरात एकीला ज्यूदो येतं म्हटल्यावर बाकीचे निर्धास्त होतात. काही झालंच तर ही आहे की! आमच्याकडे ही समजूत बरीच वर्षं सुखाने नांदली. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं. धाकट्या बहिणीची नजर कडेकडेने आक्रसत आलेली. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही, आणि अंधार पडला की समोरचंही नाही. बाहेर पडताना ती पांढरी काठी घेते. तिची मुलगी नऊ वर्षांची, कुणाशीही गप्पा मारत सुटणारी. या तिघींवर कधी काही प्रसंग आलाच, तर नेमकी त्या वेळी मी शेजारी असेन याची शक्यता किती? त्रास देणारा आधी मला विचारून थोडाच येणार आहे.

शिकवायचं मनात कधीपासूनच होतं. ते रेटून सुरू केलं धाकटीने एक गोष्ट सांगितल्यावर. ती रस्ता ओलांडायला उभी होती. एकाने न विचारता तिचा दंड धरला आणि 'चला, मी सोडतो' म्हणत चालवायला लागला. कुठे नेतोय ते तिला कळेना. थोड्या वेळाने त्याचा हात दंडावरून नको तिथे सरकला. जवळ कुणा बाईचा आवाज आला तसा तो पसार झाला. "ताई, मी नुसती उभी राहिले गं. तोंडातून शब्दच फुटेना. हात झटकावासा वाटत होता, पण तो हात माझा नव्हताच जणू. असं कसं झालं?"

असं होतं, आणि पुष्कळांचं होतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात थिजून गेल्याचं सांगितलं होतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही. हे कुणी ठरवून करत नाही, शरीर परस्पर करतं. धाकटीला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तिला तोवर वाटत होतं की आपण भित्र्या. मी शिकवायला लागण्याआधी तिला एवढं कळणं फार गरजेचं होतं, कारण स्वतःवर राग धरून बसलेल्या माणसाला काही शिकवता येत नाही.

यातून शिकवण्याची पद्धतही ठरली. घाबरल्यावर डोकं शोधाशोध करत बसत नाही. तेव्हा गोष्टी थोड्या हव्यात, सोप्या हव्यात आणि इतक्या वेळा केलेल्या हव्यात की कंटाळा यावा.

काय शिकवायचं नाही याची यादी मात्र आधीच तयार होती. इतकी वर्षं गादीवर घाम गाळल्यावर तेवढं कळतंच. फेकी बाद. समोरच्याची पकड, तोल, आपला पवित्रा हे सगळं जुळून यायला वर्षं जातात, आणि ठिसूळ हाडांच्या माणसाने कुणाला फेकायला जाणं म्हणजे आधी स्वतः आपटणं. मूठ वळून ठोसाही बाद. नवख्याने ठोसा मारला की करंगळीकडचं तळहातातलं हाड मोडतं. इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला 'बॉक्सरचं फ्रॅक्चर' म्हणतात. गंमत म्हणजे सराईत बॉक्सरांपेक्षा ते नवख्यांमध्येच जास्त दिसतं. त्याऐवजी तळहाताची टाच, मनगटाजवळचा तो जाड भाग. लाथ आईसाठी बाद, कारण एका पायावर उभं राहणं हीच तिची अडचण. आणि चाकू हिसकावून घेण्याचे जे व्हिडिओ यूट्यूबवर फिरतात ते तर सगळ्यांसाठीच बाद. चाकू दिसला की पाकीट द्या, अंतर वाढवा, निघा. त्यापलीकडे शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि जे 'आहे' म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

मग ज्यूदोतलं राहिलं काय? दोन गोष्टी. एक पडणं, आणि दुसरी टॅप.

टॅप म्हणजे गादीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थोपटणं. समोरच्याने हात पिरगळला, गळा आवळला, सहन होईना, की थोपटायचं. थोपटलं की सोडायचं, त्याच क्षणी. 'अजून जरा', 'एवढं काय लागलं' असं म्हणायची सोय नाही. जो टॅप ऐकत नाही त्याच्याशी कुणी सराव करत नाही. आमच्या घरातला पहिला धडा हाच ठेवला. मी आईचं मनगट धरायचं, तिने थोपटायचं, मी सोडायचं. धाकटीचा खांदा, तसंच. भाचीला तर हा खेळच वाटला. ती उगाचच थोपटून मला सोडायला लावायची आणि खदाखदा हसायची. मी दरवेळी सोडत होते. आपण थांब म्हटलं की समोरचा थांबतो, ही गोष्ट काही माणसांच्या अंगाला कधी अनुभवायलाच मिळालेली नसते. आईच्या अंगाला तर नाहीच.

आईपासून सुरुवात केली. तिला हल्लेखोरापेक्षा जमिनीचं भय जास्त, आणि ते रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगतो की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं. धक्का मारून पिशवी पळवणारा चोर पिशवी घेऊन जातो, पण खुबा मोडला तर पुढची सगळी वर्षं तो घेऊन जातो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्यूदोची शाळा काढली. तेव्हापासून आजपर्यंत नवा विद्यार्थी गादीवर आला की त्याला आधी पडायलाच शिकवतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पुढे मोजूनही दाखवलं की कुशीवर पडताना ज्यूदोसारखं गडगडत पडलं तर खुब्यावर येणारा दणका बराच कमी होतो.

डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी उभ्याने पडायचं नाही अशी अट घातली, जी मलाही हवी होती. मग पलंगावरच, गादीच्या कडेला बसून. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. आणि हात पुढे टेकवायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण पडताना हात पुढे जातोच, आणि पसरलेल्या तळव्यावर अंगाचा भार आला की मनगटाजवळचं हाड जातं. अब्राहम कॉलीस या आयरिश शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन केलं. आजही वयस्कर बायकांच्या प्लॅस्टरमधल्या मनगटांवर त्याचंच नाव असतं. त्याऐवजी कोपर वाकवून पुढचा अख्खा हात टेकवायचा आणि कुशीवर लोळायचं. आई पहिल्यांदा लोळली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत राहिली. "या वयात लोळण घ्यायला लावतेस मला," म्हणाली. पण उठायचा धडाही सोबत घेतला: कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, खुर्ची धरायची, एक पाय रोवायचा. पडलेलं माणूस तासन्‌तास तसंच पडून राहतं ते उठायचा क्रम माहीत नसल्यामुळेही.

पिशवीचं धोरण दोन वाक्यांत ठरलं. पट्टा गळ्यात आडवा अडकवायचा नाही. हिसका बसला की सोडून द्यायची.

मग मनगट. कुणी मनगट धरलं की पकडीचा कच्चा भाग अंगठ्याकडे असतो. एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. त्यांची टोकं जिथे भेटतात तिथून बाहेर पडायचं. हात सरळ मागे ओढला तर चारही बोटांशी भांडण होतं. त्याऐवजी मनगटाची पातळ कड त्या फटीकडे वळवायची, कोपर त्याच्या अंगाकडे नेत वाकवायचं आणि आपला अंगठा आपल्याच खांद्याकडे आणायचा. सोबत एक पाऊल मागे. जमलं की हात कसा सुटला ते धरणाऱ्यालाही कळत नाही.

आईला दिशा लगेच समजली. तीन-चारदा हळूहळू केलं, बरोबर केलं. मग मी म्हटलं, आता जोरात. मी घट्ट धरलं. तिने मनगट वळवलं, कोपर वाकवलं, आणि मध्येच थांबली.

"अगं, तुला लागेल."

"लागू दे."

"असं कसं? लेकीचा हात झिडकारू का मी?"

मी सोडला नाही. तिने थोपटलं. नियम म्हणून सोडला. आणि आम्ही दोघी तशाच पलंगावर बसून राहिलो. आईला हे तंत्र अनोळखी चोरावर चाललं असतं, मला खात्री आहे. पण म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो तो बहुतेक वेळा कुणाकडून? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीच्या पुढच्या सहापैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. तो मारहाणीचाच असतो असं नाही. अपमान, पैसे काढून घेणं, दुर्लक्ष हेही त्यात आलं. आणि हे करणारा बऱ्याचदा घरातला, नात्यातला, सांभाळणारा असतो. ज्याचा हात झिडकारणं जिवावर येतं तोच.

म्हणून आईसाठी मनगटाचा सराव मी बदलला नाही, त्याच्याआधी एक पायरी घातली. आवाज. हात धरला की आधी म्हणायचं, "सोड." विनवणी नको, प्रश्न नको, 'बाळा' नको. एकच शब्द, पोटातून, समोरच्याकडे बघत. आईचा पहिला 'सोड' ऐकून भाची म्हणाली, "आजी, तू तर सॉरी म्हटल्यासारखं म्हणतेस!" पोरीचं निदान अचूक होतं. मग आजी आणि नात यांची स्पर्धा लागली, आणि त्यात माझ्या शिकवण्याचा काही वाटा नाही. नात दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि 'ऐकू आलं' किंवा 'नाही आलं' एवढंच ओरडून सांगायची.

आईला हुरूप आला तो मात्र एका गोष्टीने. १९१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी आपल्या पुढाऱ्यांच्या रक्षणासाठी एक पथक उभं केलं होतं. त्यांना जुजुत्सू, म्हणजे ज्या जपानी विद्येतून ज्यूदो निघालं ती, शिकवणाऱ्या एडिथ गॅरुड यांची उंची पाच फुटांनाही एक इंच कमी होती. हे ऐकून आई सरसावून बसली. "म्हणजे माझ्याएवढीच. आणि ती मारायची कोणाला?" "पोलिसांना." आईने यावर जो चेहरा केला तो मला जन्मभर पुरेल. जुजुत्सू येणाऱ्या अशा बाईवर 'पंच' मासिकाने त्याआधीच, १९१० मध्ये, व्यंगचित्रही छापलं होतं: गाळण उडालेले पोलीस आणि समोर पवित्रा घेऊन एकटी बाई. आईने ते भिंतीवर लावायला मागितलं. लावलंय.

चालायच्या काठीबद्दल आईची फार इच्छा होती. काठीने मारामारी करण्याचा रीतसर प्रकार १८९९ च्या आसपास लंडनमध्ये शिकवलाही जात होता, बार्टित्सू नावाच्या मिश्र युद्धकलेचा भाग म्हणून. पण तो धडधाकट माणसांसाठी होता. ज्या काठीवर आपला तोल आहे ती उगारली की तोल गेला, आणि ती समोरच्याने धरली की काठीही गेली. म्हणून काठी फक्त आडवी, दोन्ही हातांत, पाठ भिंतीला लावून, अंतर ठेवण्यापुरती. आईला हे मिळमिळीत वाटलं. वाटू दे.

धाकटीचं शिक्षण वेगळ्याच वाटेने गेलं. तिच्या अंगावर दिवसभर लोकांचे हात असतात. रस्त्यात, जिन्यात, वाहनात चढताना. बहुतेक हात भल्या हेतूचेच. कुणी दंड धरतं, कुणी काठीच पकडून ओढतं, कुणी पाठीत हात घालून ढकलतं. आणि ती आजवर सगळ्यांना 'थँक्यू' म्हणत आली. त्यामुळे पहिल्या पाच सेकंदांत भला हात आणि बुरा हात यांत तिच्यासाठी काही फरकच उरत नव्हता. वाईट हेतूच्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय असणार?

यावर तयार उत्तर सापडलं ते अंध व्यक्तींना चालण्याचं प्रशिक्षण देणाऱ्यांकडे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयात १९४८ मध्ये पुनर्वसन केंद्र सुरू झालं. लांब पांढरी काठी घेऊन चालण्याची आजची पद्धत तिथूनच पसरली. त्या परंपरेत एक छोटी हालचाल शिकवतात, तिला 'हाइन्स ब्रेक' म्हणतात. कुणी आपला दंड धरला तर चालायचं नाही, तिथेच पाय रोवून थांबायचं. धरलेला हात वर न्यायचा, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट पकडून आपल्या दंडावरून बाजूला काढायचं. मग दोन रस्ते. मदत हवी असेल तर आपणच त्याच्या कोपराच्या वर धरायचं, म्हणजे तो पुढे आणि आपण अर्धं पाऊल मागे. नको असेल तर मनगट सोडून द्यायचं आणि 'नको' म्हणायचं.

या हालचालीचं मला इतकं कौतुक वाटतं की काय सांगू. तिच्यात मारामारी नाही, उद्धटपणा नाही. सभ्य माणसाशीही ती बिनदिक्कत करता येते. आणि म्हणूनच तिचा सराव रोज, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांवर होतो. चाचणीही आपोआप होते. भला माणूस हात काढल्यावर म्हणतो, 'अरे हो, सॉरी, कसं धरू?' दुसऱ्यांदा धरायला येतो तो भला नाही. तिथून पुढे मोठा आवाज, तळहाताची टाच नाकाच्या दिशेने, नडगीवर बुटाची कड घासत खाली पंजावर टाच. एवढंच, आणि तेही सुटून जाण्यापुरतं. ज्याला नीट दिसत नाही त्याने लांबून हात चालवण्यात अर्थ नाही, पण ज्याने तुम्हाला धरलंय तो नेमका कुठे आहे हे त्याच्या हातावरून कळतंच. हात धरून खांद्यापर्यंत जा, खांद्याच्या वर चेहरा. डोळे झाकून सराव करताना धाकटी माझ्यापेक्षा अचूक निघाली. मी चाचपडत होते, ती सरळ येत होती.

थिजण्यावर उपाय म्हणून आम्ही हालचाल श्वासाला बांधली. कुणी धरलं की आधी फूऽऽ करून श्वास बाहेर, मग पाय रोवणं, मग हात. श्वास सोडला की पुढचं सुटतं, निदान सरावात तरी. खऱ्या प्रसंगी सुटेलच अशी हमी मी तिला दिलेली नाही. 'थिजलीस तर तो तुझा दोष नाही' हे वाक्य मात्र प्रत्येक सरावानंतर म्हणते.

चालण्याबद्दल जाता जाता. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचं लपून चित्रण करून ते हल्ल्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना दाखवलं, असा एक अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. 'यातलं सावज कोण' यावर कैद्यांचं बरंचसं एकमत होतं, आणि ते चालीवरून होतं. पावलांची लांबी बेताल, अंगाच्या हालचालीत मेळ नाही, अशी माणसं त्यांनी निवडली. त्यावरून 'ताठ चाला' असा सल्ला सर्रास देतात. मी देत नाही, गुडघे गेलेल्या आईला तर मुळीच नाही. धाकटीला मात्र उपयोग झाला. काठीचा ठोका आणि पाऊल यांची लय बसवली, मान वर. तिचं तिलाच बरं वाटतं.

भाचीच्या बाबतीत हात-पाय चालवण्याला मी जवळजवळ शून्य महत्त्व दिलं. नऊ वर्षांचं मूल मोठ्या माणसाला हरवू शकत नाही, आणि 'हरवू शकतोस' असं त्याला वाटायला लावणं धोक्याचं. ओरडून पळायचं, गर्दीकडे. कुणी उचललं तर जे हाताला लागेल त्याला मिठी मारायची: खांब, सायकल, दुसरी बाई. बाकी सगळं बोलण्याचं. शरीराच्या प्रत्येक भागाचं खरं नाव. गुपित आणि सरप्राइज यांतला फरक: सरप्राइज कधीतरी सगळ्यांना सांगायचं असतं, आणि 'कुणालाच सांगू नकोस, आईलाही नाही' असं मोठा माणूस म्हणाला की ते लगेच आईला सांगायचं. आणि घरच्या चौघींचा एक ठरलेला शब्द: तो ज्याला माहीत नसेल त्याच्याबरोबर कुठेही जायचं नाही, मग तो आईला अपघात झालाय म्हणून सांगत का असेना. हाच शब्द पुढे आजीच्याही कामी यावा अशी योजना आहे. हल्ली ओळखीचा आवाज हुबेहूब काढून 'मी अडकलेय, पैसे पाठव' असे फोन येतात.

वस्तूंचं थोडक्यात. किंचाळणारी अलार्म-किल्ली तिघींकडे आहे आणि ती मला आवडते, कारण ती कुणी हिसकावून आपल्यावर वापरू शकत नाही. मिरीचा फवारा घेतला नाही. ब्रिटनसारख्या देशात तो बाळगणंच गुन्हा आहे, ते सोडलं तरी वारा उलटा असला की तो आपल्याच डोळ्यांत, आणि जिला धड दिसत नाही तिने वाऱ्याची दिशा बघून नेम धरावा ही कल्पना मला पटत नाही. फोनवर आणीबाणीची सोय चालू करून ठेवली. पुष्कळशा नव्या स्मार्टफोनमध्ये बाजूचं बटण पाचदा झटपट दाबलं की मदतीचा फोन लागतो, पण सेटिंग आधी तपासून ठेवावं लागतं.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का, असं धाकटीने विचारलं. तिला मी कॅनडातला एक अभ्यास सांगितला. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर केलेला, २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण, निम्म्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात पत्रकांच्या गटात बलात्काराचा धोका ९.८ टक्के होता, प्रशिक्षणाच्या गटात ५.२. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्या बारा तासांत हाणामारीचा भाग थोडाच होता. जास्त वेळ होता तो ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखण्याला, आणि 'त्याला वाईट वाटेल' हा मनातला अडसर काढण्याला. आईचं 'तुला लागेल' नेमकं हेच. हा अभ्यास तरुण विद्यार्थिनींवरचा आहे, सत्तरीच्या बाईला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे धाकटीनेच मला सुनावलं. बरोबर आहे तिचं.

आता टॅपचं पुढे काय झालं ते. तो गादीवर थांबला नाही. भाचीने एका पाहुण्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. त्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं होतं. त्यांना काही कळेना. आई म्हणाली, "सोडा तिला, तिला नको आहे." पाहुणे रुसले. आई कुणाच्या रुसण्याला न बधल्याचं मी प्रथमच पाहत होते. धाकटी दुकानात माझ्या हातावर थोपटायला लागली. विक्रेता तिच्याबद्दल मला विचारत असे आणि मी उत्तर देत असे. थोपटलं की मी गप्प. जिन्यात आईला आधार द्यायला कोपर धरलं की कधी थोपटते, कधी नाही. थोपटलं की सोडायचं आणि एक पायरी खाली उभं राहायचं, हे मला जड जातं. ती पडेल या भीतीने हात शिवशिवतात. पण माझं धरणं सोडवता आलं नाही तर दुसऱ्याचं काय सोडवणार?

सगळ्यांत अलीकडचा टॅप फोनवरून. आई एकटी कुठे कुठे जाते ते मला दिसावं म्हणून तिच्या फोनमध्ये लोकेशन कायमचं चालू करून ठेवावं असं माझ्या मनात होतं. सुरक्षेचा इतका सोपा उपाय दुसरा नाही, असं मी पटवून देत होते. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं.

"आई, हे वेगळं आहे."

"वेगळं कसं? तूच म्हणालीस ना, 'अजून जरा' म्हणायची सोय नाही."

लोकेशन बंद आहे. उशिरा एकटी बाहेर असली की ती स्वतः तासाभरापुरतं चालू करते आणि घरी आली की बंद करते. मधल्या एका संध्याकाळी चालू करायला विसरली, आणि मी फोन करून विचारू की नको या विचारात बसून राहिले. शेवटी केला. "येतेय," म्हणाली आणि ठेवून दिला. भाचीला सध्या गळा पकडल्यावर काय करायचं ते हवंय. तिला म्हटलं, आधी आजीकडून 'सोड' नीट शिकून ये.